मोहन्याच्या सुपारीला भाड्याची गाडी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीच्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या लेकीचं, ज्योतीचं लग्न जमलं होतं. मुलगा शहाडपलीकडच्या मोहने गावचा, वडील तिथल्या कारखान्यात. सुपारी फोडायला त्यांच्या घरी जायचं होतं. मामा म्हणून मी जाणारच, आणि माझ्या गाडीनेच. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ती जुनी गाडी मी स्वतः खोलून, जोडून शिकलो. इंजिन कण्हलं तरी काय दुखतंय ते मला कळायचं.

ठाण्याच्या बाळकुमहून सकाळी सातला निघालो. कळवा, मुंब्रा, शिळफाटा. या वाटेने जाणार असाल तर मुंब्रा लवकर ओलांडा. ट्रकांच्या मागे अडकलात तर दिवस गेला. शिळफाट्याला चहा आणि गरम बटाटवडा खाल्ला, दहाची नोट मोडून सुटे परत आले. पुढे मानपाड्यापर्यंत नुसते खड्डे, पण गाडीने हूं की चूं केलं नाही.

डोंबिवलीला इमारतीखाली कोरी पांढरी गाडी, ड्रायव्हरसकट. सुमनचे यजमान सुधाकरराव तिच्या काचेत भांग बघत होते.

"कुणाची हो?"

"आजच्यापुरती आणलीय. दादा, तुम्ही मागून या. आणि तुमची जरा लांबच लावा, त्यांच्या दारात नको."

माझ्या कानशिलाला आग लागली. चार माणसं सुखाने बसतात, वेळेवर पोचतात, तिला लपवायचं? सुमनने डोळ्यांनी विनवलं म्हणून गिळलं.

पत्रीपुलाला अर्धा तास गेला, मग शहाडवरून मोहने. मी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून चालत गेलो. दारात सगळी आळी पांढऱ्या गाडीभोवती.

आत पोहे झाले, चहा झाला. सुपारी पाटावर मांडली, तोच मुलाचे काका खाकरले.

"तुमच्याकडे नवी गाडी आहे म्हटल्यावर जावयाला एक स्कूटर काही जड नाही. तेवढं बोलून घेऊ, मग सुपारी."

सुधाकरराव घामाने निथळले. नाही म्हणावं तर थाट खोटा, हो म्हणावं तर आणणार कुठून? सुमनने पदर तोंडाला लावला. लेकीचं ठरलेलं लग्न त्या पाटावर अडून बसलं होतं.

मला राहवलं नाही. "ती गाडी भाड्याची आहे, संध्याकाळी परत जाईल. आमची गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, जुनी. स्कूटर जमणार नाही. पोरगी पसंत असेल तर बोला."

मग मुलाची आई आतून म्हणाली, "अहो, आता सांगून टाका की त्यांनाही. पाहुणे बसलेत तो सोफा शेजारच्यांचा आहे. चारला परत द्यायचाय."

मुलाचे वडील आधी लाजले, मग हसले. "स्कूटरचं राहू दे," त्यांनी काकांना बजावलं. "फोडा सुपारी."

परतीला सुमन माझ्या शेजारी बसली. पत्रीपुलाला पुन्हा अडकलो. मग म्हणाली, "दादा, मोडलं असतं तर?"

"मग ज्योतीला मीच सांगितलं असतं गं, माझ्या तोंडामुळे मोडलं म्हणून."

डोंबिवलीला ज्योती दारातच उभी. "मामा, काही मागितलं का त्यांनी?"

माझ्या आधी सुधाकररावच बोलले, पायरीवर बसून बूट काढता काढता. "मागितलं होतं. माझा थाट बघून."

त्या वाक्याने माझा राग निम्मा उतरला. बाळकुमला पोचलो तेव्हा उरलेला निम्मा तसाच होता आणि आजही आहे. पोरगा-पोरगी भेटली होती, बोलली होती, एकमेकांना पसंत होती. त्यांच्या आयुष्याचा निकाल आम्ही मोठी माणसं दुसऱ्याच्या गाडीवर आणि दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून लावत होतो.