तात्यांचं रक्त आणि चिटबॉयचा आवाज

नकला करणाऱ्याचं लिखाण म्हणल्यावर तुम्ही हसायच्या तयारीनं बसला असाल. तुमचंही बरोबर आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मी प्राचार्यांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना स्टेजवर आणलंय. पण हितं ज्या नकला आहेत, त्यांनी माझ्या चुलत्याचे बारा दिवस खाल्ले. आणि त्यांच्याकडं फुकट घालवायला एकही दिवस नव्हता.

मी बारामतीत बी.एस्सी. करतो, गाव इंदापूर तालुक्यात. उसाचा सीझन सुरू झाला तेव्हा पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम आमच्या कॉलेजात शिबिराला आल्या. त्यांच्याकडं सिमकार्डापेक्षा जरा मोठी काचेची पट्टी होती, चिप म्हणायच्या त्या. आत केसाहून बारीक चर. बोटातनं काढलेलं चार थेंब रक्त त्यातनं सोडायचं आणि कॅन्सरची खूण सापडती का बघायचं. संशोधनाला माणसं कमी पडत होती, म्हणून मी चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, मोटारसायकलवर घालून आणलं.

"एवढ्याशा रक्तात काय कळतंय रं?" तात्या म्हणले.

"पाटाला जाळी लावली की पाणी जातं आन् काटक्या अडकत्यात ना? तसंच."

"मग माझ्या पाटात तंबाखूच घावंल."

आठ दिवसांनी मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणल्या, "ही पद्धत अजून संशोधनात आहे, एवढ्यावरून कॅन्सर आहे असं म्हणता येत नाही. पण तुझ्या काकांचं रक्त मला बरं वाटत नाहीये. सोमवारी पुण्याला आण, नीट तपासू."

मी घरी गेलो तर तात्या भाकरी दुधात कुस्करून खात होते. चुलती म्हणली, "दोन महिनं झालं असंच चाललंय. तिखट लावून घेत न्हाईत. दात दुखतोय म्हणत्यात."

मला त्यांची तंबाखू आठवली. अशा वेळी नीट बोलावं माणसानं. मी काय केलं? नाकावर नसलेला चष्मा वर सारला आणि मॅडमचा आवाज काढला, "काका, सोमवारी पुण्याला यायचं हं! कारणं नकोत!" चुलती पदर तोंडाला लावून हसली. तात्याही हसले आणि म्हणले, "तुझ्या मॅडमला सांग, सोमवारी माझी तोड हाय."

विषय संपला. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा जो माणूस कुणाचा ऊस कधी तोडायचा ते सांगतो, त्यानं सोमवार दिला होता. मालक बांधावर नसला तर ऊस तोडणाऱ्या मजुरांची टोळी पुढच्याच्या फडात शिरती, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तोडीच्या दिवशी माणूस सख्ख्या भावाच्या लग्नालाही जात नाही.

मग मी दुसरी नक्कल केली. रविवारी दुपारी मित्राच्या फोनवरनं तात्यांना फोन लावला. आमचा चिटबॉय प्रत्येक वाक्याआधी नाक ओढतो. मीही ओढलं. "मालक, टोळी उद्या येत न्हाय. ट्रॅक्टर बिघडलाय. आठ दिवस पुढं धरा."

"आरं काय तुमचा कारभार!" म्हणत तात्यांनी फोन ठेवला. सोमवारी ते आणि चुलती माझ्याबरोबर पुण्याला आले. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला, त्याचा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट आला की फोन करते, मॅडम म्हणल्या. फॉर्मवर मी तात्यांचाच नंबर टाकला.

इकडं टोळी आली. बांधावर कुणी नाही म्हणून शेजारच्या फडात गेली. दुसऱ्या दिवशी खऱ्या चिटबॉयनं नाक ओढून सांगितलं, "मालक, म्या कुठं फोन केलावता?" तात्यांनी मला फोन लावला आणि एवढंच म्हणले, "बरं केलंस." शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

त्यानंतर मी घरी गेलोच नाही. परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा नव्हती. रिपोर्टचं विचारायला चुलतीलाही फोन केला नाही. काही वाईट असतं तर त्यांनी कळवलं असतं, अशी मनाची समजूत घातली.

एक दिवस मॅडमचाच फोन. "तुझे काका मला माकड का म्हणतात? रिपोर्ट येऊन बारा दिवस झाले. मी काही सांगायला लागले की 'बास कर रं, परत न्हाय फसायचा' म्हणून ठेवून देतात. आता तर उचलतच नाहीत."

मिळेल त्या एसटीनं गाव गाठलं. तात्या गोठ्यात वैरण टाकत होते.

"तात्या, ते फोन मॅडमचेच हुते. खरंच."

"आत्ता कुणाच्या आवाजात बोलतोयस?"

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. शेवटी मी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. मॅडम हळू बोलल्या. कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल, अजून हाताबाहेर गेलं नाही, पण आता एकही दिवस घालवू नका. तात्या "व्हय, व्हय" म्हणत राहिले. फोन बंद झाल्यावर वैरणीची पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं वळले.

"ऊस जाईल रं महिन्यानं, न्हाईतर वाळंल. पर तुला भ्या वाटलं हुतं ना? मग तुझ्या तोंडानं का न्हाय बोललास? 'तात्या, मला भ्या वाटतंय, चला,' येवढं म्हणला असतास तर टोळी सोडून आलो असतो. तू नकला करत बसलास, आन् आमी हसत बसलो. बिचारी ती डॉक्टरीण पोटतिडकीनं सांगतीया आन् म्या तिला माकड म्हणतोय! लाज आणलीस. मान वर कर. हसतोयस व्हय रं?"

"तात्या, हसत न्हाय."

"मला कसं कळावं? आँ? तूच सांग, मला कसं कळावं?"