एक जंगली जनावर दाखवणे आहे

नांदेडहून सुटलेली गाडी किनवट मागे टाकून पुढे निघाली, तेव्हा मी डब्याच्या दारात उभा राहून गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. बाहेर साग होता, कपाशी होती, मध्येच पिवळ्याधमक तरवडाची झुडपं होती. मला मात्र फक्त अंधार दिसत होता. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी बराच वेळ पाहून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, की झाकण काढलं तर बरं दिसेल.

प्रवासाची सुरुवात अशी झाली, आणि पुढचं सगळं याच धाटणीचं आहे.

मी निघालो होतो आदिलाबादला, ताईकडे. निमित्त भाचरांच्या दसऱ्याच्या सुट्टीचं. तेलंगणात दसऱ्याची सुट्टी ऐसपैस असते. वेदा बारा वर्षांची, ओम आठचा. दोघांपुढे सध्या एक मोठा प्रश्न होता: येत्या उन्हाळ्यात जायचं कुणाकडे? पुण्याच्या मामाकडे, म्हणजे माझ्याकडे, की हैदराबादच्या काकाकडे? काकाच्या इमारतीत पोहण्याचा तलाव आहे. माझ्या इमारतीत पाण्याची टाकी आहे, पण तिच्यात पोहू देत नाहीत.

तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर एक थाप मारली. आपण जंगल कोळून प्यायलो आहोत, पावलाच्या ठशावरून जनावराची जात, वय आणि स्वभाव सांगतो, वगैरे. वेदा ही तिच्या बापासारखी, पक्की. ती म्हणाली, "मग ये अन् एक जंगली जनावर दाखव. गल्लीतलं धरनार नाही. दाखवलं तं आमी पुन्याला येऊ."

वाचकहो, हसू नका. मला मूलबाळ नाही. घरी मी आणि एक कुंडीतली तुळस, आणि तुळस खरं म्हणजे शेजारीणच सांभाळते. वर्षातला एक महिना ही दोघं येतात, सोफ्याचं कापड फाडतात, गॅलरीतून शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पाणी ओततात, तेव्हा ते घर घर वाटतं. तो महिना माझ्या हातून जाणार होता. म्हणून दुर्बीण, म्हणून टोपी, म्हणून ठिकठिकाणी खिसे असलेली ती हिरवी-मातकट विजार.

स्टेशनवर भाऊजी न्यायला आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काऊन हो, मिलिटरीत भरती होऊन राह्यले का?"

भाऊजींच्या घराण्याला इथे येऊन पिढ्या लोटल्या. ऑफिसात ते तेलुगू बोलतात, बाजारात हिंदी, आणि मला टोचायचं असलं की मराठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मावल्याच्या चेरुवूवर (तलावावर) गेलो. पाण्यावर कोवळं ऊन, काठाला कमळाची पानं, दोन-चार माणसं फिरायला आलेली. मी मुलांना झुडपामागे बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. आणि काय सांगू, थोड्याच वेळात पाण्यात मला ते दिसलं. आधी दोन नाकपुड्या. मग काळीभोर, ओली, लांबलचक पाठ. मी ओमचा दंड गच्च धरला आणि त्याच्या कानात म्हणालो, "मगर."

ओम हरखला. मी हलक्या आवाजात मगरीची माहिती देऊ लागलो, ती तासन् तास अशी कशी पडून राहते, शिकार टप्प्यात आली की कशी झेपावते. शेपटीच्या ताकदीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात काठावर एक बाई आल्या आणि त्यांनी तोंडाने काहीतरी आवाज काढला. मगर उठून उभी राहिली. तिला शिंगं होती. ती पाण्यातून रमतगमत बाहेर आली, आमच्या झुडपाशी थांबून तिने शेण टाकलं आणि बाईंच्या मागून घरी गेली.

"म्हैस धरत नाही," वेदा म्हणाली.

त्यानंतरच्या दिवशी भाऊजींनी आम्हाला कुंतालाच्या धबधब्यावर नेलं. नेरडीगोंड्याला हायवे सोडला की रस्ता सागाच्या रानात शिरतो. पावसाळा नुकताच सरल्यामुळे धबधबा जोरात होता. काळ्या कातळावरून पाणी असं काही कोसळत होतं की बोललेलं ऐकू येईना, आणि त्यामुळे भाऊजींचे टोमणे तासभर बंद होते. या सुखासाठी तरी तिथे जरूर जावं.

खाली उतरण्याच्या पायऱ्यांवर ओमने माझी विजार ओढली. "मामा, कोती." कोती म्हणजे माकड. एक नव्हतं, अख्खी सभा भरली होती. मी लगेच मुलांना मागे घेतलं आणि नियम सांगितला: माकडाच्या डोळ्यांत बघायचं नाही, त्याला ते आव्हान वाटतं. नजर खाली ठेवायची. नियम सांगत असताना मी स्वतः तो कसोशीने पाळत होतो, दोन्ही डोळे पायरीवर रोवून. त्यामुळे ताईने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा माझ्या पिशवीतून कोणी काढला, चेन कशी उघडली आणि टोपी डोक्यावरून केव्हा गेली, हे पायऱ्यांवरच्या सगळ्या पर्यटकांनी बघितलं. मला ते त्यांच्या सांगण्यावरून कळलं. मी वर बघितलं तेव्हा एक दांडगा हुप्या कठड्यावर बसून शंकरपाळं खात होता आणि माझ्या डोळ्यांत बघत होता. नियम त्याला कोणी सांगितला नव्हता.

"हे?" मी वेदाला आशेने विचारलं.

"हे आमच्या गच्चीवर रोज येतात. धरत नाही."

आता उरला होता एकच मुक्काम. भाऊजींची धाकटी बहीण, मुलांची शांताआत्या, तिथून जवळच्या एका खेड्यात राहते. कापूस, ज्वारी, थोडी तूर. तिच्या लग्नाला मी जाऊ शकलो नव्हतो, त्यामुळे आमची ओळख नव्हती. त्या रात्री तिच्याकडे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं ठरलं होतं. म्हणजे माझ्या हातात ती एक संध्याकाळ होती.

भाऊजींनी आम्हाला तिच्या वावराच्या कडेला उतरवलं. गाडी गावात लावून बहिणीला घेऊन येतो, तोवर बांधावरच थांबा, असं बजावून ते गेले. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली. आणि बांधाला लागून ओल्या मातीत ठसे. खरेखुरे, दुभंगलेल्या खुरांचे. मी गुडघे टेकले. मातीचा वास घेतला. का घेतला ते विचारू नका, घ्यायचा असतो असं वाटलं.

"नीलगाय," मी म्हणालो. "मादी. वयस्क. स्वभावाने गरीब. तुम्ही इथेच थांबा."

आणि मी ज्वारीत शिरलो.

ज्वारीत शिरणं सोपं असतं. बाहेर कुठून यायचं हे आतून कळत नाही. पानं गालाला करकरत होती, दुर्बीण ज्वारीच्या उभ्या ताटांत अडकत होती, आणि दहा-वीस पावलांत ठसे, बांध, दिशा, सगळंच हरवलं. तेवढ्यात अगदी जवळून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"कोन हाय रे तिकडं?"

मी दचकलो. शेताची मालकीण, म्हणजे शांताबाईच. काय पहिली भेट. मी घसा साफ करून सांगितलं, की मी पुण्याचा, वेदाचा मामा, आपल्या वहिनीचा भाऊ.

"निंघतं का येऊ काठी घेऊन?"

निघतो, म्हटलं, पण वाट सापडत नाहीये. आवाज क्षणभर थांबला. मला वाटलं, पटलं.

"रोज रोज येता, लाज नाही वाटत?"

रोज नाही हो, मी कळवळून म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा येतोय. लग्नालासुद्धा आलो नव्हतो, ते राहून गेलं, मनात काही ठेवू नका. यावर एक कुत्रं जोरजोरात भुंकलं. मी दोन्ही हात जोडले.

"खाऊन खाऊन कसा फुगला."

आता हे लागलं. मी पोटाकडे बघितलं. विजारीच्या खिशांमुळे जरा जास्त वाटतं, पण तरी. पहिल्याच भेटीत इतकं वैयक्तिक बोलू नये, असं मी जरा ताठ आवाजात सुनावलं. आपण सोयरे आहोत, काही रीतभात असते, वगैरे.

"कोन हाय रे तिकडं?"

"अहो आत्ताच सांगितलं ना," मी ओरडलो, "वेदाचा मामा."

"निंघतं का येऊ काठी घेऊन?"

इथे माझ्या डोक्यात किंचित उजेड पडला असेल-नसेल, तोच मागची ताटं बाजूला झाली. नऊवारीचा काष्टा मारलेली, हातात विळा घेतलेली एक बाई समोर उभी. तिचं तोंड बंद होतं. आणि तिचाच आवाज माझ्या डाव्या बाजूने म्हणत होता, की रोज रोज येता, लाज नाही वाटत.

ही खरी शांताबाई; भाऊजी तिला गावात शोधत होते आणि ती इथेच वावरात होती. दुसरी होती ती खांबाला बांधलेली, भोंग्यातली. या भागात रानडुकरांना हाकलायला हल्ली शेतात भोंगा लावतात, त्यात माणसाचा, कुत्र्याचा आवाज भरतात, आणि तो बॅटरीवर दिवसरात्र चालू असतो. मुलांना हे चांगलंच ठाऊक. ती दोघं माझ्यामागोमाग आली होती आणि ताटांच्या आड जमिनीवर लोळत होती. वेदाच्या हातात भाऊजींनी जाताना तिच्याकडे ठेवलेला फोन होता. सगळं चित्रित झालं होतं.

"मामा, तुमी तिच्याशी भांडून राह्यले होते का?" शांताबाईंनी विचारलं. "माह्याशी भांडाची आमच्या मालकाची हिंमत होत नाही, अन् तुमी पुन्याहून येऊन भोंग्याशी भांडता."

आधी त्यात यजमानांचा आवाज भरला होता, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांना घरात कोणी भीत नाही ते डुकरांनाही कळलं. मग बाईंनी स्वतःचा भरला. तोही आता जुना झाला होता. डुकरं त्याच्या सावलीला बसून कणसं खातात, म्हणाल्या. मग बोललेलं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी भोंगा बंद केला.

शांतता झाली. आणि त्या शांततेत, माझ्यापासून हातभर अंतरावर, कोणीतरी कणीस चावत होतं.

ताटं हलली. आधी दोन सुळे बाहेर आले, मग राठ केस उभारलेलं प्रचंड डोकं. अडवी पंदी. तेलुगूत रानडुकराला असं म्हणतात, हे मला नंतर ओमने शिकवलं. त्या वेळी मला कुठलीच भाषा आठवत नव्हती. माझ्या घशातून जो आवाज निघाला तो पुरुषाचा नव्हता, बाईचाही नव्हता. तो वर चढत गेला, तिथे थरथरत राहिला, तुटला आणि पुन्हा चढला. डुकराने माझ्याकडे बघितलं. एवढ्या मोठ्या जनावराच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी कधी पाहिली नाही. ते उलटं फिरलं आणि त्याच्यामागून त्याचं सगळं खटलं, पिल्लांसकट, ताटं मोडत पार नाल्यापलीकडे गेलं.

मी डोळे उघडले तेव्हा शांताबाईंच्या मागे होतो आणि त्यांचा पदर माझ्या मुठीत होता.

त्या मात्र हसत नव्हत्या. त्या विचारात पडल्या होत्या. "वेदा," त्या म्हणाल्या, "हे भरलं का गं फोनमंदी?"

जेवायला ज्वारीची भाकर, ठेचा आणि पुंटिकूरा (अंबाडीची भाजी) होती. अशी आंबट-तिखट, की मी चौथी भाकरी मागितली, आणि मग भोंग्यातलं वाक्य आठवून अर्धीच घेतली. तोवर शांताबाईंचे यजमान, एक शब्द न बोलता, माझी किंकाळी पेन ड्राइव्हवर उतरवून वावरात लावून आले होते. सकाळी कळलं की डुकरं फिरकली नाहीत. शेजारचा शेतकरी मात्र फिरकला, काठी घेऊन, कुणाचा जीव चालला आहे ते बघायला.

इतकं होऊनही माझा प्रश्न सुटला नव्हता. परतीच्या गाडीत मी वेदापाशी हळूच विषय काढला. रानडुक्कर होतं. जंगली होतं. गल्लीतलं नव्हतं.

"पन तू दाखवलं कुठं? आत्यानं भोंगा बंद केला म्हनून आलं. तुझे तं डोळे मिटले होते."

आदिलाबादच्या स्टेशनवर निरोप घेताना मी मोठ्या मनाने सांगून टाकलं, की काकाकडे जा, पोहायला शिका, मला वाईट वाटणार नाही. एवढं बोलून मी दुर्बिणीचं झाकण लावण्यात गुंतलो.

ओमने वेदाकडे बघितलं. दोघांचं आधीच काही ठरलेलं असावं.

"आमी काकाकडं नाही जात," वेदा म्हणाली. "पुन्याला पन नाही येत. तूच ये. पूर्ण महिना."

मी विचारलं, का गं?

"पुन्यात तुले सगळं येतं," ओम म्हणाला. "तिथं तू नुसतं शिकवत राहतं. इथं तुले काहीच येत नाही."

"म्हनून मजा येते," वेदाने पुरं केलं.

गाडी सुटली. भाऊजी हात हलवत होते, ताई डोळे पुसत होती, आणि पोरं फलाटावर धावत धावत मला ओरडून सांगत होती, की हीच विजार घालून ये. मी दारात उभा राहिलो. कपाशी मागे गेली, साग मागे गेला, आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी त्या महिन्यात त्यांना किल्ले, ताऱ्यांची नावं आणि बोटीच्या गाठी शिकवत होतो, आणि बिचाऱ्यांनी ते सगळं माझ्यावरच्या मायेपोटी सहन केलं होतं.

आता पुण्यात पोचलो आहे. ऑफिसात महिन्याच्या रजेचं बोलून ठेवलंय. साहेबांनी विचारलं, एवढी कसली तयारी करायची आहे? म्हटलं, तयारी एकच, उन्हाळ्यापर्यंत नवीन काही शिकायचं नाही. अजून तरी जमतंय.