मंगलाताई आणि डॅशबोर्डातली मोटर

गाडी दुरुस्त झाली की निघून जाते, किस्सा मात्र गॅरेजमध्येच राहतो. त्याला पार्किंग लागत नाही आणि त्याला न्यायलाही कोणी येत नाही! मोताळ्यातल्या आमच्या गॅरेजमध्ये असे इतके साचलेत की कोणी चहाला बसलं की एखादा आपोआप बाहेर येतोच.

गॅरेज आम्हा बहीणभावाचं. इंजिन, ब्रेक, क्लच माझ्याकडे. वायरिंग आणि एसी मोठ्या बहिणीकडे, म्हणजे मंगलाताईकडे. ती आयटीआय झालेली, मी नुसतं बघून बघून शिकलेला. हे ती दिवसातून एकदा तरी मला ऐकवते.

*

पाटी रंगवायची होती. पेंटरला सांगितलं, खालच्या ओळीत लिही, ‘वायरिंग व एसी : मंगलाताई’. आम्ही जेवून येतो तर पठ्ठ्यानं लिहून ठेवलेलं, ‘मंगल ऑटो’!

“हे काय बे?” मी विचारलं.

“बाईचं नाव गॅरेजच्या पाटीवर कसं दिसन भाऊ? मंगल कसं, शुभ वाटते!”

ताईनं त्याच्या हातातला ब्रश घेतला, स्टुलावर चढली, ‘मंगल’ला काना जोडला, ‘ऑटो’ पुसून तिथं ‘ताई’ लिहिलं. अक्षरं उतरत उतरत पार कोपऱ्यात गेली.

पेंटर हळहळला, “ताई, वाकडं झालं न!”

“वाकडं तं वाकडं. पन नाव मायं हाय!”

*

पिकअपच्या डॅशबोर्डच्या आत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक मोटर असते. तुम्ही बटण फिरवलं की ती आतली झडप फिरवते. हवा तोंडावर जायची, पायावर जायची की काचेवर, ते तीच ठरवते. तिचं नाव ॲक्च्युएटर. बिघडली की आतून टक टक टक आवाज येत राहतो आणि हवा भलतीकडेच जाते.

आता हे नाव आमच्याकडे कोण घेणार? सगळे म्हणतात ‘ॲक्टर’.

एकदा एक ड्रायव्हर चहाच्या टपरीवरूनच ओरडला, “ताई, ॲक्टर गेला वो!”

चहावाल्यानं गॅस बंद केला. “कोन्ता बे?”

“मायावाला! कालपासून टकटक करून राह्यल्ता, आज सकाळी शांत झाला.”

बाकड्यावरच्या दोघांनी कपाळाला हात लावला. एक म्हातारबा म्हणाले, “चांगला होता बिचारा!”

*

विठ्ठलराव पिकअपमधून मिरची खामगावला नेतात. मे महिन्यात त्यांच्या गाडीतली गरम-थंडची झडप गरमवर अडकली; तिला तसलीच दुसरी मोटर असते. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि डॅशबोर्डमधून भट्टीची हवा! डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते आले. चेहरा त्यांच्या मालासारखाच लाल.

“शोरूमवाले म्हनते, पूरा डॅशबोर्ड उतरवा लागन. चार दिवस गाडी ठेवा.”

“डॅशबोर्ड उतरवाचा असन तं त्याइच्याकडं न्या. मोटर बदलाची असन तं इथं बसा,” ताई म्हणाली.

तिनं समोरचा कप्पा काढून बाजूला ठेवला, आडवी होऊन आत हात घातला आणि न बघता, नुसत्या बोटांनी तीन स्क्रू काढले. जुनी मोटर बाहेर आली. आतला प्लास्टिकचा दात तुटलेला होता, बस. नवी मोटर बसवायच्या आत विठ्ठलरावांनी फुशारकीनं शोरूमला फोन केला आणि ताईच्या कानाला लावला.

पलीकडचा साहेब तापलेला. “मॅडम, असं बाहेर खोललं तर वॉरंटी जाईल!”

“वॉरंटी जाऊ द्या साहेब, इथं मानूस जाऊन राह्यला!”

*

आमचे गुरुजी, म्हणजे रिटायर हेडमास्तर. मला गणितात दोनदा नापास करणारे. त्यांनीही पिकअप घेतलं आणि त्यांचाही ‘ॲक्टर’ गेला.

“काम तूच कर,” ते मला म्हणाले. “माया गाडीले बाईचा हात नाई लागला पायजे.”

ताई समोरच वायर सोलत होती. तिनं ऐकलं. वायर सोलतच राहिली. मला तिथंच घाबरायला पाहिजे होतं!

मी कप्पा काढला आणि हात आत घातला. गेला. मोटरपर्यंत पोहोचलाही. मग बाहेर काढायला गेलो तर येईना! घड्याळाचा पट्टा आत कशात तरी अडकला होता. मी उलटा पडलेलो, पाय दाराबाहेर, हात मनगटाच्या वरपर्यंत डॅशबोर्डात.

गुरुजींनी आधी माझे पाय ओढून पाहिले. मी बोंबललो. रस्त्यावरची चार माणसं जमा झाली. शेवटी गुरुजींचा आवाज आला, “मंगला, याले सोडव न जरा.”

“मंग गाडीले हात लावा लागन, गुरुजी.”

“लाव.”

“ऐकू नाई आलं.”

“लाव म्हनतो न!”

“या चौघाइले ऐकू गेलं पायजे.”

मी आतून ओरडलो, “गुरुजी, सांगा न बाप्पा, हात सुन्न झाला!”

गुरुजींनी वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात सांगितलं, “मंगलाताई, माया गाडीले हात लावा!”

*

गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ. झड लागलेली. वंदना मॅडम, म्हणजे शाळेच्या क्रीडाशिक्षिका, भावाचं डबल केबिनचं पिकअप स्वतः चालवत आल्या. मागच्या सीटवर कबड्डीच्या मुली दाटीवाटीनं बसलेल्या. अकराच्या आत बुलढाण्याला मैदानावर हजेरी लावायची होती, नाहीतर टीम बाद.

“ताई, हवा नुसती पायावर येऊन राह्यली. काच धुकटते, समोरचं काईच नाई दिसत. अशात राजूरचा घाट कसा चढू?”

ताईनं कान लावला. टक टक टक.

तशीच नवी मोटर टेबलावर होती. पण ती दादासाहेबांनी त्यांच्या पिकअपसाठी मागवलेली, आणि दादासाहेब खुर्ची टाकून समोरच बसलेले. शाळेच्या कमिटीवरचं वजनदार माणूस. मुलींना शाळेची गाडी द्यायची नाही, हा निर्णयही त्यांचाच.

ताई म्हणाली, “दादासाहेब, ही मोटर आज पोरीइले द्या. तुमच्यासाठी उद्या दुसरी येते.”

“मायी मोटर मायाच गाडीत लागन.” मग त्यांनी धुकटलेल्या काचांकडे पाहिलं. “अन् अशा पावसात, चड्ड्या घालून खेळाले पोरी सोडते कोन? यांच्या घरी कोनी हाय का नाई?”

“सगळ्याइच्या आयांच्या सह्या हायेत,” मॅडम म्हणाल्या.

“आमच्या घरची असती तं पाय मोडून घरात बसवली असती!”

ताईनं टेबलावरच्या मोटरला हातही लावला नाही. कप्पा काढला आणि आत शिरली. मला वाटलं, आता ही काय करणार?

डॅशबोर्डात सारख्याच दोन मोटरी असतात. एक हवा कुठं जायची ते ठरवते, दुसरी हवा गरम की थंड ते. ताईनं दुसरी, चांगली मोटर काढली आणि पहिलीच्या जागी बसवली. गरम-थंडची झडप हातानं गरमवर फिरवून तारेनं पक्की बांधली.

“हवा गरमच येईन,” तिनं मॅडमला सांगितलं. “पोरीइले घाम फुटला तं फुटू दे. काच साफ राह्यली पायजे. उद्या या, नवी मोटर लावून देईन.”

ती खाली उतरली. मागची एक मुलगी आतूनच पुढच्या सीटवर सरकली. मॅडमनी गाडी चालू केली आणि बटण काचेवर फिरवलं.

दादासाहेब छत्री घेऊन बरोबर गाडीच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले होते. काच खालून वर मोकळी होत गेली. आधी बांधलेल्या मुठी दिसल्या, मग जर्सीवरचा नंबर, मग दोन वेण्या.

दादासाहेबांची नात! नववीतली. तिनं मान खाली घातली नाही. सरळ त्यांच्याकडे बघत राहिली.

दादासाहेबांच्या छत्रीवरून पाणी गळत होतं.

पोरीनं बाजूची काच खाली केली, मान बाहेर काढली आणि म्हणाली, “आबा, बाजूले व्हा. आमाले उशीर होऊन राह्यला.”

आणि दादासाहेब बाजूला झाले.