आबासाहेबांचं जपान

परदेशातून आलेली माणसं फोटो दाखवतात. फोटोत सगळे हसत असतात, मागं देऊळ असतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय भाग्यवान माणसं. फोटोच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते कुणी दाखवत नाही. माझ्याकडं नेमकं तेच साठलंय. सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की दोघं-तिघं मित्र येऊन बसतात आणि म्हणतात, "हं, जपान काढा."

मग मी काढतो.

आमचा ग्रुप सातारा-सांगलीचा, आणि टूर जपानमधल्या देवळांची. देवळं कुणाला बघायची होती हा प्रश्न वेगळा. ग्रुपचे पुढारी आबासाहेब, कराडकडचे मोठे ऊसवाले आणि एका साखर कारखान्याचे माजी चेअरमन. यातला 'माजी' हा शब्द फक्त आम्ही वापरायचो, ते नाही. सोबत त्यांच्या मिसेस माईसाहेब. पोपटशेठ म्हणजे सांगलीचे हळदीचे व्यापारी. आणि फलटणहून एकट्या आलेल्या कांबळे सिस्टर, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. मी आणि आमची ही होतोच. बाकीची माणसं फोटोत मागच्या रांगेत आहेत, त्यांना तिथंच राहू द्या.

*

गाईड होती हारुको नावाची. दिल्लीत राहून हिंदी शिकलेली, आणि हिंदी अशी की आकाशवाणीनं लाजावं. पहिल्याच दिवशी एअरपोर्टवर आबासाहेब पुढं झाले. आपण सगळ्यांच्या वतीनं बोलावं, असं त्यांना जन्मापासून वाटत आलंय.

"बाई, हमारे लोकांको लय भूक लगी हाय. तुमारे इदर जेवण का कायतरी सोय करो ना गड्या."

हारुकोनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कमरेत वाकली आणि म्हणाली, "क्षमा कीजिए, मुझे मराठी नहीं आती."

त्यानंतर दोन दिवस आबासाहेब तिच्याशी हातवारे करून बोलत होते.

*

क्योटोत एक प्रसिद्ध देऊळ आहे. तिथं बाग बघायला जगातून लोक येतात. बाग म्हणजे झाडं नाहीत, फुलं नाहीत. पांढरी बारीक खडी, तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या रेषा आणि मधे काही दगड. कडेच्या लाकडी ओट्यावर बसायचं आणि गप्प बघत राहायचं. माणसं बसली होती, एक-दोघांचे डोळे मिटलेले. टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

आबासाहेबांनी चपला काढल्या, ओट्यावर उभे राहून खडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि पोपटशेठना म्हणाले, "खडी पसरलीया, पर रोलर न्हाई फिरवला. बिल उचलून कंत्राटदार पळाला असणार."

ओट्यावर डोळे मिटून बसलेला एक गोरा माणूस उठून निघून गेला.

*

आता जेवण. निघायच्या आधी सगळ्यांनी टूरवाल्यांना बजावलं होतं की आम्हाला प्युअर व्हेज पाहिजे. टूरवाल्यांनी आमची सोय थेट एका मठात केली. तिथले भिक्षू कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. म्हणजे आमच्यापेक्षाही प्युअर.

चटईवर बसवलं. प्रत्येकापुढं लाखेचा लाल पाट आणि त्यावर पिटुकल्या वाट्या. एकीत तिळाचं काहीतरी मऊ, एकीत कमळाच्या देठाच्या चकत्या, एकीत टोफू. हारुकोनं सांगितलं की इथं अन्न हीच साधना समजतात, ताटात शीतही टाकत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रत्येक वाटीचा वास घेतला आणि ती जागच्या जागी ठेवली.

पोपटशेठनी खिशातून डबी काढली. आत हिरव्या मिरचीचा खर्डा. म्हणाले, हे लावलं की दगडसुद्धा खाली उतरतो. डबी सगळीकडं फिरली आणि त्या साधनेवर हिरवे गोळे पडायला लागले. तेवढ्यात वयस्कर भिक्षू वाढप बघायला आले. हा काय पदार्थ, म्हणून त्यांनी कुतूहलानं विचारलं. पोपटशेठनी मोठ्या मनानं बोटभर दिला. भिक्षूंनी तो आदरानं तोंडात घातला.

आधी कान लाल झाले, मग डोकं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात जोडून ते खोल वाकले आणि मागच्या मागं आत गेले.

"बघा," पोपटशेठ म्हणाले, "पाया पडला."

*

एका देवळात भविष्याच्या चिठ्ठ्या होत्या. डबा हलवायचा, काडी बाहेर येते, तिच्या नंबरची चिठ्ठी मिळते. आबासाहेबांना निघाली अतिअशुभ. हारुको वाचून दाखवत गेली आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. गावी गेल्या गेल्या कारखान्याची निवडणूक होती, समोर चुलतभाऊ अण्णा उभा होता.

हारुकोनं धीर दिला. वाईट चिठ्ठी घरी न्यायची नसते, समोरच्या तारेला बांधून टाकायची, म्हणजे संकट इथंच राहतं. आबासाहेबांनी थोडा विचार केला. मग मला बाजूला घेऊन, जरा नीट हिंदीत विचारायला सांगितलं, की ही चिठ्ठी अण्णाच्या नावानं बांधता येईल का.

*

माईसाहेबांचा लाडवांचा डबा बसमधे रोज फिरायचा. पहिल्या दिवशी तो सगळ्यांपर्यंत गेला. कांबळे सिस्टरांनीही लाडू घेतला आणि चांगला झालाय म्हणाल्या. मग माईसाहेबांनी त्यांना गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग, "म्हंजे तुमी कुठल्यातल्या?" सिस्टरांनी सरळ सांगितलं की आम्ही बौद्ध.

दुसऱ्या दिवसापासून डबा त्यांच्या एक सीट अलीकडं येऊन बंद व्हायला लागला. सिस्टर खिडकीबाहेर बघत आपली बिस्किटं खायच्या. हे आमच्या हिच्या लक्षात आलं, तशी ती उठून सिस्टरांच्या शेजारी जाऊन बसली.

तेव्हापासून डबा दोन सीट अलीकडं बंद व्हायला लागला.

*

नारा नावाच्या गावी बुद्धाची प्रचंड मोठी मूर्ती आहे. त्या दिवशी सकाळी बसमधे आबासाहेबांनी ठराव मांडला की नारा रद्द करू आणि सरळ ओसाकाच्या बाजारात जाऊ. "परत बुद्धच हाय न्हवं? चार दिस त्येच बघतोय." बरेच हात वर झाले.

कांबळे सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही बाजारात जा. मी इथंच उतरते, नाऱ्याला एकटी जाते. मी याच्यासाठी आलेय." आवाज चढला नव्हता, पण त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती. हारुको म्हणाली, एका माणसाला सोडून बस हलणार नाही. नाइलाजानं सगळे नाऱ्याला गेले, कपाळाला आठ्या घालून.

मूर्तीपुढं आल्यावर माणूस मुंगी होतो. सिस्टरांनी पिशवीतून पांढरी साडी काढून अंगावरच्या ड्रेसवर शालीसारखी घेतली, एका कडेला फरशीवर गुडघे टेकले आणि हलक्या आवाजात म्हणायला लागल्या, बुद्धं सरणं गच्छामि. आबासाहेब घड्याळ बघत होते.

जपानी म्हाताऱ्या बायकांचा एक घोळका चालला होता. तो थांबला. त्यांनी हारुकोला काहीतरी विचारलं, आणि सिस्टरांचं म्हणून होईपर्यंत सगळ्या हात जोडून मागं उभ्या राहिल्या. सिस्टर उठल्यावर सगळ्यांत थकलेली आजी पुढं आली. हारुको म्हणाली, "ये पूछ रही हैं, आप बुद्ध के देश से आई हैं, क्या ये आपका हाथ छू सकती हैं?"

सिस्टरांनी हात पुढं केला. आजीनं तो दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. मग दुसरी आली, मग तिसरी. रांगच लागली. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या.

आबासाहेबांना राहवेना. ते सदरा नीट करत पुढं सरकले आणि रांगेच्या तोंडाशी हात पुढं करून उभे राहिले. "मैं बी उदरकाच हूँ," म्हणाले.

आजीनं त्यांच्याकडं वर बघून काहीतरी विचारलं. हारुकोनं सांगितलं, "पूछ रही हैं, क्या आप भी बुद्ध के हैं?"

आबासाहेबांनी एकदा माईसाहेबांकडं बघितलं. एकदा सिस्टरांकडं. हात हळूच खाली आला.

"न्हाई," ते म्हणाले. "त्या हायत. आमी त्यांच्यासंगं आलोय."

ते हारुकोला कसं कोण जाणे, बरोबर कळलं. तिनं आजीला सांगितलं. आजीनं मान हलवली आणि आबासाहेबांनाही वाकून नमस्कार केला.

जरा कमी वाकून.