तापमास्तरांचा तळहात

गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे तापमास्तर म्हणत, ते काही शाळेत शिकवायचे म्हणून नव्हे. शाळेशी त्यांचं लहानपणापासूनच वाकडं. पण इंजिनावर तळहात टेकला की किती तापलंय, कशानं तापलंय, हे आईनं पोराचं कपाळ चाचपून सांगावं तसं ते सांगायचे. एकदा कुणी त्यांना तापमान मोजायचं यंत्र विकायला आला, तर म्हणाले, "पेटीतच राहू दे बाबा, सर्दी होईल त्याला."

अशा मास्तरांवर त्या दुपारी जी वेळ आली, ती वैऱ्यावरही येऊ नये.

त्यांच्या लेकीला दिवस भरायच्या आत मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढीशी. इथल्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला घाटापलीकडे मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं. आई छातीशी धरून बसेल, पण गाडी आतून उबदार पाहिजे. एवढ्या जिवाला घाटातला गारठा सोसायचा नाही. उजेड आहे तोवर निघा."

ऑक्सिजनची सोय असलेली दवाखान्याची गाडी एकच. आणि तीच मास्तरांच्या गॅरेजात गारठून बसलेली.

"काटा वर चढतच नाही, मास्तर," गाडीचा ड्रायव्हर सांगत होता. "कितीही पळवा, इंजिन आपलं थंडच. हीटर लावला तर असा वारा येतो की आत भाजी ठेवली तर आठवडाभर टिकेल. डिझेल मात्र बया मिळेल तेवढं पिते."

एरवी मास्तर हसले असते. आज त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

इंजिन फार तापलं तर लोक बोंब ठोकतात; थंड राहिलं तर म्हणतात, बरंच की. पण चुलीला धग नसेल तर शिजणार काय? इंजिनातलं पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं, त्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचं एक छोटं दार असतं. इंजिन तापेपर्यंत ते मिटलेलं असतं, तापलं की उघडतं. तपासायची रीत सोपी. गार इंजिन चालू करायचं आणि वरच्या रबरी पाईपवर हात ठेवायचा. पाईप बराच वेळ गार राहून एकदम तापला, तर दार शहाणं. पहिल्यापासून हळूहळू कोमटत गेला, तर दार उघडंच अडकलेलं.

मास्तरांनी हात ठेवला. इंजिन धडधडत राहिलं. हाताला काही लागेना.

"गारच आहे," ते म्हणाले. "दार चांगलं आहे. असणारच, मागच्या महिन्यात मीच नवं बसवलंय. काटा खोटं बोलतोय."

काट्याचा सेन्सर बदलला. काटा होता तिथेच. हीटरच्या नळ्या सोडवून धुतल्या, पाणी स्वच्छ आलं. हीटरचा वारा तसाच थंड. नाचता येईना तेव्हा लोक अंगणाला नावं ठेवतात. मास्तर अंगणच उखडायला निघाले होते. एक पाना सापडेना म्हणून ड्रायव्हरवर खेकसले, तर तो त्यांच्याच मुठीत होता. बाहेर ऊन भिंतीवर चढत चाललं होतं.

तेवढ्यात त्यांची बायको दवाखान्यातून धापा टाकत आली.

"अहो, झालं का? बाळाची पावलं निळी पडायला लागलीत."

मास्तर पुन्हा बॉनेटखाली वाकले. बायकोनं त्यांचा हात धरून उजेडाकडे ओढला. तळहातावर टम्म फोड आला होता.

"हे कधी भाजलं?"

मास्तरांनी त्या हाताकडे परक्याचा असल्यासारखं पाहिलं. "कळलं नाही. धुराच्या नळीला लागला असेल."

"कधीपासून कळत नाही?"

"आधी मुंग्या यायच्या बोटांत," मास्तर हळूच म्हणाले. "मग मुंग्याही यायच्या थांबल्या."

"तरीच! उकळत्या चहाचा पेला धरून बसता, आणि मी आपली म्हणते, म्हातारपणी माणूस शूर झालाय."

"लोकांना कळलं तर धंदा संपला गं. झाकली मूठ..."

"मूठ झाकून नात वाचणार आहे का?"

मास्तर खालीच बसले. त्यांचे खांदे हलत होते. ड्रायव्हरनं उगाचच टायरला लाथ मारली आणि दुसरीकडे पाहिलं. मग बायकोनं पदर खोचला. "बसू नका. हात माझा घ्या, डोकं तुमचं चालवा."

पण इंजिन आता पुरतं गार नव्हतं. ओली पोती घातली, पंखा लावला, आणि तिघंही त्या लोखंडाकडे बघत बसले. जीव टांगणीला लागला असताना कशाच्या तरी थंड होण्याची वाट बघणं, याहून मोठी शिक्षा नसेल.

शेवटी ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. बायकोनं पाईप धरला.

"गार," ती म्हणाली. "गारच... थांबा. आता तेवढा गार नाही."

"एकदम तापला?"

"एकदम कसला! मंद आचेवरच्या दुधासारखा. हळूहळू."

"काटा?"

"तळाशीच झोपलाय, मास्तर!"

मास्तर उठले. थर्मोस्टॅटवरचं झाकण उघडून दार बाहेर काढलं. दाराच्या फटीत पेस्टचा घट्ट गोळा अडकला होता, म्हणून ते मिटतच नव्हतं. पाणी गळू नये म्हणून झाकणाच्या कडेला लावतात ती पेस्ट. पूर्वी मास्तर बोटानं केसाएवढी रेघ ओढायचे. हल्ली किती लागली ते बोटाला कळेना, म्हणून ते थापत होते.

"माझीच," ते म्हणाले.

बायकोनं केसातल्या पिनेनं गोळा उकरून काढला. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून दार त्यात टाकलं, तेव्हा ते उघडलं. बाहेर काढल्यावर शहाण्यासारखं मिटलं. नवी पेस्ट तिनंच लावली, मास्तर शेजारून सांगत होते, "ओठाला मलम लावतेस ना, तेवढीच."

उन्हाचा शेवटचा पट्टा भिंतीवर असताना गाडी निघाली. लेक बाळाला छातीशी घेऊन आत बसली, शेजारी आजी. मास्तर पुढे. घाट चढताना काचांवर धुकं आलं. मास्तर हीटरच्या जाळीपुढे हात धरून बसले होते, आणि त्या हाताला काहीच सांगता येत नव्हतं. मग त्यांनी मान वाकवून जाळीला गाल लावला.

ऊन ऊन वारा होता.

"काटा मधोमध," ड्रायव्हर पुटपुटला. मोठ्यानं बोलायची त्याची छाती होईना.

"पावलं?" मास्तरांनी मागे न बघताच विचारलं.

बायकोनं दुपटं जरा बाजूला सारलं. "निवळतायत वाटतं," ती म्हणाली. "तुम्हीच बघा."

घाट अजून अर्धा बाकी होता. मास्तर मागे वळले. हात पुढे केला नाही. वाकून, दुपट्यातून बाहेर आलेल्या त्या बोटभर पावलाला त्यांनी गाल टेकवला, आणि घाट सरेपर्यंत तसाच ठेवला.