जर्मनीच्या तिवाट्यावरचा उतारा

सौंसरच्या बस स्टँडवर एक काळ अशी कुजबुज होती, की बोरगावच्या पंचफुलाबाईनं जर्मनीत एका कुत्र्याला विष घातलं आणि तिथल्या पोलिसांनी तिला दोन्ही दंडांना धरून विमानात बसवून दिलं. काही जण त्यात हातकड्याही घालत. मधुकर पानवाला तर शपथेवर सांगायचा, की कुत्रा सरकारी होता.

ही पंचफुला म्हणजे कवडूची बायको. कवडू माझा जुना दोस्त, बोरगावला त्याचा संत्र्याचा बगीचा. बाई अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. एकुलती एक लेक प्रणाली. नागपुरात शिकली, तिथून जर्मनीत नोकरीला गेली आणि पांढुर्ण्याचा प्रफुल्ल नावाचा पोरगा तिकडेच भेटला म्हणून लग्नही करून मोकळी झाली. जात, पोटजात सगळं बरोबर निघालं. यावर मी कवडूला म्हटलं होतं, "इतल्या दूर जाऊन पोट्टीनं पांढुर्ण्याचाच धुंडला. बसनं गेली असती तरी भेटला असता." कवडू त्यावर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. पण प्रणालीची नोकरी तिथं, डॉक्टर तिथं. बाळंतीण माहेरी येईना, म्हणून माहेरच विमानात बसलं. जिनं आजवर नागपूरच्या पलीकडे पाय ठेवला नव्हता ती पंचफुला डिंकाचे लाडू, ओवा, बाळंतशोपा आणि कुंकवाचा पुडा घेऊन हॅनोवर नावाच्या गावाला पोचली. लेकीचं बाळंतपण असं करायचं, की पोरीनं जन्मभर नाव काढावं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

तिला ते गाव आवडलं, हे ती कोणाजवळ कबूल करत नाही. बोरगावात बाईमाणूस उंबऱ्याबाहेर पडलं, की चार ओसऱ्यांवरून विचारणा होते, कुठी चालली, कायले चालली, कवा येशीन. तिथं ती सकाळी लेकीचा जाड कोट साडीवर चढवून निघायची, तळ्याभोवती फिरून यायची आणि कोणी म्हणून काही विचारायचं नाही. नळाला गरम पाणी. रस्त्यात मोटारी तिच्यासाठी थांबायच्या. "पहिल्या दिवशी मले वाटलं, गाडी बिघडली बिचाऱ्याची," असं ती माझ्या बायकोला, नलिनीला, सांगत होती.

पण घरात पाऊल टाकलं, की सूचना सुरू. आई, रविवारी खलबत्ता नको. आई, फोडणी देताना दार लाव. आई, जिन्यात बोलू नको. आई, काच त्या डब्यात नाही, या डब्यात.

"श्वास कोन्त्या डब्यात सोडू, तेही सांगून ठेव," पंचफुला म्हणाली.

प्रणाली हसली नाही. तिचंही चुकत नव्हतं. त्या इमारतीत सावळ्या रंगाचं हे एकच घर. पोरीनं इतकी वर्षं काय सांभाळलं होतं, तर आपण कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. मासळी तळायची नाही, चपला न वाजवता जिना चढायचा, समोरून कोणी आलं की आधी आपण हसायचं. चांगला पगार होता, मान होता, पण भाड्याच्या घरात राहावं तशी ती त्या देशात राहत होती. भिंतीला खिळा ठोकायची हिंमत नाही.

बाळ झालं. गोरंगोमटं, गुटगुटीत. आणि दिवेलागणीला रडायला लागलं, की निळं पडेस्तोवर रडायचं. डॉक्टरीण हसून म्हणाली, होतं असं लहान बाळांना, आपोआप जाईल. पंचफुलाला डॉक्टरणीचं हसणं पटलं नाही. तिच्या मते हे उघड उघड बाहेरचं होतं. रोज तळ्याकाठी बाबागाडी न्यायची, तिथं कोण कोण वाकून पाहायचं, काही ठिकाणा आहे का.

मग तिनं आपल्याकडे कोणतीही आजी करील तेच केलं. मूठभर भात कुंकवात कालवून त्याचे गोळे केले, अर्धं लिंबू घेतलं, वर मीठ-मोहरी, एक लाल मिरची. बाळावरून सात वेळा उतरवलं. प्रणाली आंघोळीला गेली होती, जावई ऑफिसात. पंचफुला कोट घालून खाली गेली, तीन रस्ते मिळतात तिथं झाडाच्या बुंध्याशी उतारा ठेवला आणि मागं वळून न पाहता परत आली.

त्या संध्याकाळी बाळ रडलं नाही. आता यात उताऱ्याचा गुण किती आणि बाळाच्या मर्जीचा किती, ते मी सांगत नाही; आमच्या घरात त्यावरून अजून वाद आहे.

दोन दिवसांनी पंचफुला फिरून आली ती फार खुशीत. रात्रीच्या जेवणाला पोळी वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या इथले लोक मोठे समजदार आहेत व प्रणाली. मी उगाच त्याइले नावं ठेवून राहिली होती."

"का, काय झालं?"

"अवं, मी तिवाट्यावर बाळाचा उतारा ठेवला होता ना. कोणी ओलांडू नये म्हणून त्याइनं त्याचा फोटो काढून झाडाझाडाले लावला. लाल अक्षरात. खाली काई लिवलं बी आहे. आपल्या इकडं लोकं पायानं उडवतात."

प्रणालीचा घास हातातच राहिला. प्रफुल्लनं जेवण सोडून चपला घातल्या आणि खाली जाऊन एक कागद काढून आणला. फोटो पंचफुलाच्याच भाताचा होता. लाल अक्षरांत लिहिलं होतं: सावधान, कुत्र्यांसाठी विषारी आमिष.

त्या देशात अशी माणसं असतात म्हणे, कुत्र्यांवर राग काढायला खाण्यात विष घालून रस्त्यात ठेवणारी. त्यामुळे लाल भाताचा गोळा दिसला, की तिथल्या माणसाला उतारा सुचत नाही, उंदराचं औषध सुचतं. खालच्या मजल्यावरच्या वेबरबाईच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं त्यातला एक गोळा मिरचीसकट खाल्ला होता आणि रात्रभर ओकला होता. एकट्या बाईचं ते एकच जिवाभावाचं माणूस. तिनंच ते कागद लावले होते. आणि इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपात केव्हापासूनच चर्चा पेटली होती, की हे करणारा माणूस आहे की जनावर. प्रणालीनंही त्यावर रडका चेहरा पाठवला होता, कारण सगळ्यांनी पाठवला होता.

"विष कुठी होतं त्याच्यात? कुंकू होतं," पंचफुला म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं, "कुत्रा जगला ना?"

"जगला," प्रफुल्ल म्हणाला.

"मंग मी जाऊन पाया पडून येतो तिच्या."

"तू कुठंच जाऊ नको, आई," प्रणाली म्हणाली. "तुला काही समजत नाही. तू फक्त घरात बस."

ती घरात बसली. पण झाडापाशी साडीवर कोट घातलेली बाई कोणीतरी पाहिली होती आणि त्या वस्तीत साडी एकच होती. दुसऱ्या दिवशी दारात पोलीस उभे राहिले. पोलीस म्हणजे एक बाई आणि एक बाप्या. त्यांच्यामागे वेबरबाई, कुत्र्याची साखळी हातात धरून. प्रणालीनं दार उघडलं. पंचफुला बाळाला घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. लेक दाराशी त्यांच्या भाषेत भराभर बोलत होती, लाल होत होती, पुन्हा पुन्हा माफी मागावी तशी मान लववत होती. मध्येच तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. बोट आईकडे होतं, डोळे नव्हते.

पंचफुलानं कुंकवाचा पुडा आणून पोलीसबाईसमोर धरला. तिनं वास घेतला, प्रणालीला काही विचारलं, हसली आणि पंचफुलाच्या खांद्यावर थोपटून निघून गेली. बस्स. दंड नाही, चौकी नाही. पंचफुलाला वाटलं, सुटलो. लेकीनं आपल्याला वाचवलं.

पुढच्या आठवड्यात ती तळ्याकाठच्या बाकावर बाबागाडी घेऊन बसली होती, तर वेबरबाई कुत्र्यासकट शेजारी येऊन बसली. पंचफुलानं कुत्र्यापुढे हात जोडले. म्हातारी हसली. मग तिनं फोन काढला, त्यात आपल्या भाषेत बोलली आणि फोन पंचफुलापुढे धरला. म्हातारीचंच बोलणं फोनमधून दुसऱ्या बाईच्या आवाजात, स्वच्छ हिंदीत येऊ लागलं. आपला मुलूख मध्य प्रदेशातला, इथं हिंदी कोणाला येत नाही?

"आप चिंता मत कीजिए," फोन म्हणाला. "आपकी मालकिन ने सब बताया है. आप उनके गाँव की गरीब औरत हैं, बच्चा सँभालने आई हैं. मैंने उनसे कह दिया है, आपको काम से न निकालें."

पंचफुलानं फोनकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. म्हातारीचे डोळे प्रेमानं भरले होते. ती खरंच या बाईची बाजू घेऊन भांडून आली होती.

आता आमच्या पंचफुलानं बोरगावात पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या दिराला बांधावर उभा सोलला आहे. ती काय म्हणाली असेल?

ती फोनला म्हणाली, "मालकिन अच्छी है. बहोत खयाल रखती है."

घरी येऊन तिनं बाळाला तेल लावलं, निजवलं. संध्याकाळी प्रणालीला म्हणाली, "मले आता जाऊ दे माय. संत्रा तोडाले आला असन, तुया बापाच्यानं एकट्यानं होत नाई." व्हिसा अजून बराच बाकी होता. प्रणालीनं एकदा राहा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. जावयानं तिकीट बदललं.

इकडे सौंसरला उतरली, तर स्टँडवरच कुसुमनं गाठलं. कुसुम म्हणजे कवडूच्या भावकीतली, तिच्यापुढे माझं तोंड म्हणजे बंद पेटी. "इतल्या लवकर कशी व आली? पोरीसंगं वाजलं का?" तिनं भर स्टँडवर विचारलं. त्या संध्याकाळपासून कुत्रा, विष आणि पोलीस ही कथा गावात फिरू लागली. पोरं तिला पाहून भुंकायची. ती निमूट पुढं जायची. कवडू म्हणे, घरात ती कपाळाला कुंकू लावतानासुद्धा आरशात पाहत नसे.

पुढच्या हिवाळ्यात बाळाचं जावळ काढायला प्रणाली बोरगावला आली. अंगणात मांडव, बायकांचा गोतावळा. कुसुमनं नेम साधला. "काहो प्रणालीबाई, तुमच्या जर्मनीचे पोलीस पाव्हण्याले असे दंड धरून हाकलतात का?"

प्रणाली गोंधळली. "पोलीस? पोलिसांनी कुठं हाकललं? ते तर कुंकू पाहून हसत गेले."

सगळ्यांचे कान ताठ. कुसुम म्हणाली, "मंग कोणं हाकललं?"

तेवढ्यात पंचफुला कढईपासून उठली. "हिले काय माईत? हे तवा न्हानीत होती," ती म्हणाली. "चार होते पोलीस. एकाच्या हाती बंदूक होती. मले म्हणे, चल बुढे." आणि तिनं गोष्ट अशी काही रंगवली, की बायका हसून लोळल्या. प्रणाली मात्र उभी होती तिथंच उभी होती.

मग ती आईमागोमाग चुलीपाशी गेली. तिथं नलिनी पुऱ्या लाटत बसली होती, तिचं या दोघींना भान नव्हतं.

"आई, असं खोटं कायले सांगतं?" लेक आता बोरगावच्या बोलीवर आली होती.

"मंग खरं सांगू का?"

प्रणाली म्हणाली, "तुले कोणं सांगितलं?"

"तुया शेजारणीच्या फोननं. हिंदीत." पंचफुलानं झारा कढईत घातला. "बाई चांगली आहे ते. तिच्याशी नीट राहत जा."

प्रणाली तिथंच जमिनीवर बसली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीत तोंड लपवलं. आई पुऱ्या तळत राहिली. शेवटी लेकच उठली, माझ्या बायकोकडे वळली आणि म्हणाली, "काकू, काकाजीले सांगा. ते सांगतीन तं सौंसरभर होईन."

म्हणून सांगतो. पंचफुलाबाईला जर्मनीच्या पोलिसांनी हाकललं नाही. तिच्या लेकीनं लोकलाजेपायी तिला आई न म्हणता कामवाली म्हटलं, ते तिला कळलं आणि ती आपणहून परत आली. पोलिसांची गोष्ट तिनंच स्टँडवर कुसुमला सांगितली होती.