पायगोंडा आण्णांचा बिनपगारी एजंट

रोज सकाळी जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, देवदर्शन करून पायगोंडा आण्णा गणपती पेठेतून बाजाराकडे चालत निघत, आणि वाटेवरचा प्रत्येक दुकानदार त्यांना चहाला बोलावी. आण्णा छातीवर हात ठेवून म्हणत, "आलोच." आणि तसेच पुढे जात. त्यांच्यासाठी कुणी चहा सांगत नसे, कुणी वाटही बघत नसे. बोलावणाऱ्याचा मान राही, जाणाऱ्याचा वेळ वाचे, आणि सांगलीचा एक दिवस रीतीप्रमाणे सुरू होई.

आण्णा बेदाण्याचे दलाल. कवठे महांकाळकडचे शेतकरी मालाचा नमुना घेऊन त्यांच्या गाळ्यावर येत. आण्णा मूठभर बेदाणा तळहातावर पसरून उजेडात धरत, दोन दाणे तोंडात टाकत आणि डोळे मिटत. माल बरा असला तर तिथंच भाव बोलत. बरा नसला तर म्हणत, "ठेवा, कळवतो." मग शेतकरी पिशवीचं तोंड बांधू लागे. 'नको' हा शब्द मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहून त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. जेवतानासुद्धा ते नको म्हणत नसत, ताटावर नुसता आडवा हात धरत.

अशा माणसाच्या घरी एकोणीसशे नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात संगणक आला. तो गोमटेशमामांनी आणला. गोमटेशमामा म्हणजे सुरेखाकाकूंचे भाऊ. विश्रामबागेत त्यांचा संगणकाचा क्लास होता, आणि येणारं शतक आपल्याच क्लासच्या दारातून आत येणार आहे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी संगणकाबरोबर एक चकचकीत तबकडीही आणली होती.

"दाजी, ह्यात एक एजंट हाय," मामा म्हणाले.

"विम्याचा?" आण्णांनी विचारलं.

"आवं, इंटरनेटवरचा. पगार न्हाई, सुट्टी न्हाई. तुमाला काय पाहिजे ते एकदा सांगायचं. मग जगभर हिंडून तो माहिती हुडकून आणतो, लावून ठेवतो, तुमची आवडनिवड शिकतो. महिन्याभरात तुमाला तुमच्यापेक्षा जास्त वळखंल."

"म्हंजे बायकोसारखा."

"मला आणून पंचवीस वर्षं झाली," सुरेखाकाकू आतून म्हणाल्या. "अजून काय वळखू आलेलं न्हाई."

आण्णांना जगभरातून हुडकून आणण्यासारखी एकच गोष्ट हवी होती: दीपालीला नवरा. दीपाली त्यांची एकुलती एक मुलगी. इंजिनीयर झालेली, माझ्याहून वर्षाने मोठी, बोलायला कमी. तिला बंगलोरच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती. एक जुलैला हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. ते पत्र तिनं आण्णांना वाचून दाखवलं, तेव्हा आण्णांनी ते नीट ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघू. कळवतो."

दलालाच्या घरात वाढलेली मुलगी. तिनं पत्राची घडी घातली.

आण्णांचं म्हणणं सरळ होतं. आधी लग्न, मग नवरा नेईल तिथं नोकरी. आणि जगात एवढी स्थळं असताना, त्यांना हुडकायला बिनपगारी माणूस घरात आलेला असताना, एक जुलैपर्यंत एक नवरा सापडू नये? एजंटाला घालायची माहिती दीपालीकडूनच भरून घेण्यात आली. ज्याला फाशी द्यायची त्याच्याकडूनच दोर वळून घ्यावा, तसा हा व्यवहार. पण तिनं तो चोख केला. धर्म जैन, शिक्षण अमुक, उंची तमुक, आहार शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य. घरचा पत्ताही घातला.

एजंट म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात उभा असलेला एक टाय लावलेला बाहुला होता. फोनची तार जोडली, ती यंत्राची किंकाळी होऊन गेली, की हा गडी काखेत कागद घेऊन हजर. सुरेखाकाकू त्याला 'पावणा' म्हणत. आण्णा अहोजाहो करत. पगार नसला म्हणून काय झालं, कामाचा माणूस. प्रत्येक स्थळाखाली तीन बटणं होती. त्यांवरची इंग्रजी अक्षरं दीपालीनं आण्णांना समजावून सांगितली: पसंत, नापसंत, आणि नंतर.

पहिलं स्थळ बेचाळीस वर्षांच्या हिरेव्यापाऱ्याचं होतं. आण्णांनी ते डोळे बारीक करून पाहिलं. बाण 'नापसंत'वर नेला. तिथून मागं घेतला, पुन्हा नेला.

"दाबा की आण्णा," दीपाली म्हणाली.

"एवढं राबून आणलंय त्येनं. तोंडावर असं कसं म्हणायचं?"

"आण्णा, तो माणूस न्हाई."

"तो नसंल. मी हाय की."

आणि त्यांनी 'नंतर' दाबलं.

पुढचा महिनाभर हेच चाललं. ज्या स्थळाला सांगलीत कुणीही शहाणा माणूस "कळवतो" म्हणून वाटेला लावील, त्या प्रत्येक स्थळाखाली आण्णांनी 'नंतर' दाबलं, आणि आपण जगाला किती सभ्यपणे नकार देत आहोत या समाधानात ते गाळ्यावर गेले. त्यांना पसंत पडेल असं काही बाहुल्यानं आणलंच नाही. आणणार कुठून? तो हुशार होता. ज्याअर्थी हे गृहस्थ एकाही हिरेव्यापाऱ्याला नाही म्हणत नाहीत, त्याअर्थी त्यांना हिरेव्यापारी आवडतात, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला. मग त्यानं मन लावून बहुतेक हिरेव्यापारीच आणले.

त्याची हुशारी एवढ्यावर थांबली नाही. 'नंतर' दाबलेल्या प्रत्येक स्थळाला तो मालकाच्या वतीनं गोड इंग्रजीत पत्र पाठवत होता: आपलं स्थळ आम्ही विचारात ठेवलं आहे, प्रत्यक्ष भेटण्याची उत्सुकता आहे. आलेली उत्तरं मालकाच्या डोक्याला ताप नको म्हणून तो एका वेगळ्या कप्प्यात नीट लावून ठेवत होता. आणि भेटायला कधी यावं, असं कुणी विचारलं तर त्यानं तेही ठरवून टाकलं. हे गृहस्थ रविवारी यंत्राला हात लावत नाहीत. म्हणजे ते रविवारी मोकळे असतात.

दीपालीला हे सारं माहीत होतं का, असं मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, "कळवते."

जूनमधल्या एका रविवारी सकाळी आण्णा अंगणात बनियनवर बसून दाढी करत होते, तेव्हा फाटकाशी इंदूरचं एक कुटुंब उतरलं. मिठाईचे डबे, नारळ, आणि पडद्यावर दिसला होता त्याहून बराच रुंद मुलगा. ते बैठकीत टेकतात न टेकतात तोच सुरतचे आले. त्यांच्यापाठोपाठ, एसटीतून उतरून पत्ता विचारत विचारत, वाईचे गोपाळकृष्ण आणि त्यांचा मुलगा निमिष.

गोपाळकृष्ण वाईच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. त्यांचा जैन धर्माशी संबंध एवढाच, की ते चातुर्मासात कांदा-लसूण खात नसत, आणि त्यांच्या मुलानं इंटरनेटवरच्या कुठल्याशा अर्जात ते तसं भरलं होतं. जगभर हिंडणाऱ्या बुद्धीला तेवढं पुरलं.

सुरेखाकाकूंनी उपीट टाकलं. मग आणखी टाकलं. मदतीला मला हाक आली. बैठकीत तीन नवरे ओळीने बसले होते, एकमेकांकडे न बघण्याची शर्थ करत. गोमटेशमामा क्लास सोडून धावत आले, आणि यंत्रापाशी जाऊन तो कप्पा उघडून बसले.

"दाजी, ह्यो लय कामाचा निघाला," ते हळूच म्हणाले. "अजून पंधरावीस येणार हायत."

"गोमटेश," आण्णा तितक्याच हळू म्हणाले, "तू आता हितनं हालू नगंस."

आण्णांनी तिघांचाही मान ठेवला. हवापाण्याच्या गप्पा मारल्या, प्रत्येकाला बेदाण्याचा पुडा दिला, आणि निघताना तिघांनाही हात जोडून म्हणाले, "कळवतो."

गोपाळकृष्णांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्याचं हसू आलं. त्यांनी आण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला. "समजलं, समजलं. आमच्याकडेही हाच शब्द आहे. निमिष, ऊठ. वहिनी, उपीट फार सुरेख होतं हो, थोडं बांधून देता का? वाईची शेवटची गाडी चुकली तर साताऱ्याला बसून राहावं लागेल." असा नकार मिळावा आणि असा घ्यावा. बापलेक उपिटाचा डबा घेऊन गेले.

इंदूरचे आणि सुरतचे मात्र कळवण्याची वाट बघू लागले.

सुरतेहून रोज फोन. इंदूरचे तर गेलेच नाहीत. स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम ठोकून राहिले. सांगलीत येऊन उत्तराची वाट बघणारी माणसं सांगलीनं पहिल्यांदाच पाहिली असावीत. आण्णांनी शेवटचं अस्त्र काढलं: पत्रिका जुळत नाही. सुरतकरांनी दुसऱ्याच दिवशी संगणकावर जुळवलेली पत्रिका पाठवली. इतके गुण जुळत होते, की तेवढे आण्णांच्या आणि काकूंच्याही जुळले नव्हते.

"तुमी सरळ न्हाई म्हणा की!" काकू वैतागल्या.

"आगं, दारात आलेल्या माणसाला?"

"मग व्हय म्हणा! द्या पोरगी त्या रुंद पोराला!"

दीपाली माजघरात कपड्यांना इस्त्री करत होती. ती एकच सलवार फार वेळ इस्त्री करत होती हे मला दिसत होतं. जून संपत आला होता. कंपनीचं दुसरं पत्र आलं होतं, आणि आण्णांनी तेही 'ठेव' म्हणून ठेवायला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी इंदूरचे गृहस्थ आले. बैठकीत बसले, पाणी पिऊन पेला खाली ठेवला, आणि कुठल्याही मराठी माणसानं कुठल्याही मराठी माणसाला जे विचारलं नसतं ते विचारलं. "पायगोंडाजी, साफ बताइए. हाँ, कि ना?"

आण्णांनी गोमटेशमामांकडे पाहिलं. जगाची माहिती हुडकणारे मामा पंख्याकडे बघत होते. आण्णांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला. उंबऱ्याशी दीपाली उभी होती. आण्णा तिच्याकडे बघत राहिले, उजेडात नमुना धरल्यासारखे. मग इंदूरकरांकडे वळून त्यांनी हात जोडले.

"लडकी बंगलोर जा रही है," ते म्हणाले. "नौकरी लगी है. एक तारीख को." मग त्यांनी भर घातली, "अभी शादी का विचार नहीं."

विचारलेला 'ना' तोंडातून न काढता नकार दिला गेला होता. आण्णांचा जीव भांड्यात पडला. तो भांड्यात पडल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. बाजारात बोललेला भाव फिरवत नाहीत. सुरतेलाही फोनवर तेच सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी पेठेत जो तो दुकानातून विचारू लागला, "आण्णा, दीपाली बंगलोरला निघाली म्हणं?" आता तिला घरी ठेवलं असतं तर दोन परक्या कुटुंबांशी खोटं बोलल्यासारखं झालं असतं. मुलीच्या इच्छेपेक्षा परक्यांची भीड मोठी, हा आमच्याकडचा नियम तिच्या बाजूनं लागू पडल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

ती गेली तेव्हा आण्णांनी तिची पेटी स्वतः गाडीवर चढवली. "जा" म्हणाले नाहीत. आमच्याकडे ते कुणीच म्हणत नाही.

गोमटेशमामा पुढे सांगत फिरले की ही नोकरी त्यांच्या एजंटामुळे झाली. आण्णांनी बाहुल्याला काढलं नाही. कामावरून काढायला तरी तोंडानं सांगावं लागतंच. त्याला बेदाण्याचे परदेशातले भाव हुडकायला लावलं. तो बराच काळ हिरेव्यापारीच आणत राहिला.

दीपालीचा फोन दर रविवारी येई. आण्णा बोलत थोडं. पण बंगलोरला जाणाऱ्या खासगी बसच्या ड्रायव्हरकडे ते कापडी पिशवीत घालून काही ना काही पाठवत असत. बेदाणा, शेंगदाण्याची चटणी, एकदा नुसती कडधान्यं, जशी काही ती बंगलोरात मिळतच नाहीत. डिसेंबरातल्या एका रविवारी ते तिच्याशी नेहमीपेक्षा जरा जास्त बोलले. ऑफिसात बसायला खिडकी आहे का, भाकरी कोण करतं, असं काही. सोमवारी सकाळी बाजारात, गाळ्यावरच, त्यांचं हृदय थांबलं. दीपालीनं मला नंतर सांगितलं, त्या फोनच्या शेवटी ते काय म्हणाले.

"आणि हे बघ, ती पिशवी त्या ड्रायव्हरकडं माघारी पाठव. चांगली हाय ती."